ईएमटीची राष्ट्रीय परीक्षा: अर्ज नेमका कुठे अडतो

अमेरिकेत गावच्या रेस्क्यू स्क्वॉडमध्ये, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सच्या बचाव पथकात, काम करायचं म्हटलं की बहुतेकदा ईएमटीपासून (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे रुग्णाला जागेवर आणि वाटेत तातडीचे उपचार देणारा) सुरुवात होते. साठच्या दशकापर्यंत अनेक गावांत अ‍ॅम्ब्युलन्स म्हणून अंत्यविधीवाल्यांचीच गाडी यायची. १९६६ च्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या एका अहवालानंतर चक्रं फिरली, १९७० मध्ये ईएमटींची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी नॅशनल रजिस्ट्री ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी पहिली परीक्षा झाली.

राज्याने मान्य केलेला, साधारण १५० ते १९० तासांचा कोर्स करा, रजिस्ट्रीवर खातं उघडा, फॉर्म आणि फी भरा. इथवर कुणी अडत नाही. भारतातल्या एमबीबीएसवर हा कोर्स आपोआप माफ होत नाही, हे मात्र डॉक्टर मंडळींनी आधीच ऐकून ठेवावं.

फॉर्म भरला की काम झालं असं वाटतं. तसं नाही. तुम्ही कोर्स पूर्ण केल्याचं प्रोग्राम डायरेक्टरने ऑनलाइन मंजूर करावं लागतं, आणि तो विसरला तर तुम्हाला कुणीही कळवत नाही. संकोच न करता त्याच्या मागे लागा. कोर्स संपल्यापासून दोन वर्षांत सगळं उरकायचं आहे. सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून, श्वास देऊन करायचा उपचार) कार्ड आरोग्यसेवकांच्या पातळीचं हवं; सोसायटीच्या शिबिरातलं चालत नाही.

आपल्या लोकांची खरी फजिती नावात होते. फॉर्मवर माहेरचं आडनाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर सासरचं! पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं आणि तेच पुढे लायसन्सवर उतरतं. परीक्षा केंद्रावर नाव जुळलं नाही तर परत पाठवतात, फीसुद्धा बुडू शकते. लायसन्स समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच भरा.

परीक्षेला बसण्याचं परवानगीपत्र ९० दिवस चालतं. हे दिवस पत्र निघाल्यापासून मोजतात, तुम्ही ते उघडल्यापासून नाही. नापास झालात तर पुन्हा बसायला किमान १५ दिवस थांबावं लागतं.

पास झालात तरी लगेच ड्यूटी करता येत नाही! रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. परवाना राज्य देतं, त्याचा अर्ज वेगळा, पार्श्वभूमी तपासणीचे नियमही राज्यागणिक वेगळे. प्रमाणपत्राचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी, ३१ मार्चच्या आत, ४० तासांच्या प्रशिक्षणावर होतं. त्या ४० तासांत स्क्वॉडच्या ड्यूटीचे तास धरत नाहीत.