थंडीत पहाटेची धाव आत का घेतो?

डिसेंबर लागला की आमच्या जिमच्या काउंटरवर ठरलेली तक्रार येते : "पैसे भरले बाहेर धावायचे आणि तुम्ही आतच उड्या मारायला लावता." तक्रार रास्त आहे, म्हणून हा कागद.

बसल्या जागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. झपझप चालताना ती तिप्पट-चौपट होते, दमून पळताना ६० लिटरच्याही पुढे जाते. शिवाय दम लागला की तोंड उघडतं आणि नाकाची फुकटातली गाळणी बाजूला राहते. पीएम २.५ म्हणतात ते कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक. ते थेट फुप्फुसाच्या टोकाला, वायुकोशांपर्यंत पोचतात. ठाण्यात घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर पळणारा माणूस तिथेच बसची वाट बघणाऱ्याच्या कितीतरी पट धूर ओढतो, तो असा.

पण हे वाचून कुणी व्यायामच सोडणार असेल तर थांबा. नियमित व्यायामाने शरीरातली सूज कमी राहते. ब्राझीलमधल्या साओ पावलोत डिझेलचा धूर दिलेल्या उंदरांवर प्रयोग झाले, त्यात व्यायाम करणाऱ्या उंदरांच्या फुप्फुसांना सूज कमी आली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे कबूल. माणसांचा हिशेब केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली मांडला : पीएम २.५ घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलेल्या शहरातही रोज दीड तास सायकल चालवेपर्यंत फायद्याचंच पारडं जड. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीची मर्यादा ४० आहे.

जागेने मात्र खूप फरक पडतो. लंडनमध्ये साठी ओलांडलेल्या लोकांना २ तास चालवलं. एकदा हाइड पार्कात, एकदा बस-टॅक्सींनी भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. बागेत चालल्यावर फुप्फुसांचं काम सुधारलं. रस्त्यावर तेवढंच चालूनही तो फायदा बराचसा वाया गेला. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं आणि आम्ही सर्व्हिस रोड सोडला तो त्यामुळेच.

आता वेळेचं. पहाटेची हवा ताजी, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. थंडीत ते उलटं होतं. रात्री जमीन गार पडते, वर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो आणि रात्रभराच्या ट्रकांचा धूर, बांधकामाची धूळ, कुणीतरी पेटवलेला पाचोळा, सगळं पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं खालीच कोंडतं. ऊन चढलं, खाडीकडून वारा सुटला की झाकण निघतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सोमवार ते शुक्रवार पहाटेची बॅच आत, आणि शनिवार-रविवारी साडेनऊनंतर उपवन तलावाला फेऱ्या. (येऊरचा चढ मागू नका. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग असते आणि चढावर श्वास दुप्पट.)

आतली हवा शुद्ध आहे, असा आमचा दावा नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याच्या जाळीत हे बारीक कण अडकत नाहीत. आम्ही एवढंच करतो : बॅचआधी झाडू न मारता ओलं पुसतो, रस्त्याकडच्या खिडक्या दहानंतरच उघडतो आणि गणपतीपुढची उदबत्ती शेवटची बॅच गेल्यावर लावतो.

बाहेरच्या दिवशी सकाळी 'समीर' या सरकारी अॅपवरचा हवेच्या दर्जाचा आकडा (एक्यूआय; जितका जास्त, तितकी हवा वाईट) आम्ही ग्रुपवर टाकतो. २०० च्या वर असेल तर धाव रद्द. १०१ ते २०० मध्ये दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी फक्त चालायचं, तेही घरी फोन करून भाजी काय आणू हे न धापता विचारता येईल एवढ्याच वेगाने. दम्याचा पंप खिशात हवा, गाडीच्या डिकीत नको. छातीत आवळल्यासारखं झालं किंवा श्वासाला शिट्टी लागली तर फेरी पुरी करत बसू नका, ट्रेनरला हाक मारा. कापडी रुमाल बांधून धावण्याने बारीक कण अडत नाहीत.

एवढं करूनही ज्यांना आतली बॅच नकोच असेल, त्यांची २ महिन्यांची फी फेब्रुवारीपासून वळती करून देऊ. पावती मात्र सोबत आणा.