अ‍ॅबोरिजिनल सामुदायिक व्यवसायांतील वित्तसाहाय्य

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल व टोरेस स्ट्रेट बेटवासी समाजांच्या, सामुदायिक संस्थांचे हिशेब, पगार, कर आणि अनुदाने सांभाळण्याचे काम. वस्तीवरचे किराणा दुकान, कलाकेंद्र, दवाखाना, भूमिहक्कांचा कारभार पाहणारे मंडळ अशा संस्थांत हिशेबनीस, पगार पाहणारे कारकून, वित्त व्यवस्थापक आणि कर्जसल्लागार हे काम करतात.

या कामामागे कटू इतिहास आहे. विसाव्या शतकात बराच काळ क्वीन्सलँडमध्ये आदिवासी मजुरांची मजुरी सरकारी अधिकाऱ्यांच्या ताब्यात असे. स्वतःच्याच कमाईसाठी त्यांच्यापुढे हात पसरावे लागत आणि पुष्कळांना ती कधी मिळालीच नाही. ‘चोरलेली मजुरी’ या नावाने गाजलेल्या दाव्यात राज्य सरकारने २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. ज्या घरांनी हे सोसले, तिथे बाहेरून आलेला माणूस ‘पैशाचं मी बघतो’ म्हणाला की संशय येतो, आणि तो रास्तच आहे. म्हणून हिशेब बिनचूक असून भागत नाही. तो संचालकांना समजला पाहिजे आणि निर्णय त्यांच्याच हाती राहिला पाहिजे.

अशा अनेक संस्था १ जुलै २००७ पासून लागू झालेल्या स्वतंत्र कायद्याखाली नोंदवल्या जातात. उत्पन्न, मालमत्ता आणि कर्मचारीसंख्या पाहून त्यांची लहान, मध्यम, मोठी अशी वर्गवारी होते. आर्थिक वर्ष ३० जूनला संपते आणि अहवाल सहसा ३१ डिसेंबरपर्यंत निबंधकाकडे द्यावा लागतो. कारभार फारच ढासळला तर निबंधक विशेष प्रशासक नेमू शकतो. मग संचालकांच्या हातून संस्था काही काळ जाते.

कलाकेंद्रात या कामाची गुंतागुंत नीट दिसते. कॅनव्हास आणि रंग केंद्र पुरवते. चित्र पुरे झाले की त्याला क्रमांक मिळतो, त्यामागची कथा नोंदवली जाते आणि विक्रीनंतर ठरलेला वाटा चित्रकाराच्या नावे जमा होतो. अनेक केंद्रे यासाठी ‘स्टोरीज आर्ट मनी’ ही संगणकप्रणाली वापरतात. वार्षिक उलाढाल ७५ हजार डॉलरपेक्षा कमी असलेल्या चित्रकाराला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे कुणाच्या चित्रावर कर कसा लागेल हे एकेक नाव पाहूनच ठरवावे लागते. अनुदानाचे पैसे आणि विक्रीचे पैसे एकत्र मिसळून चालत नाहीत. न खर्चलेले अनुदान परत मागितले जाऊ शकते.

२०१० पासून चित्राच्या व्यावसायिक पुनर्विक्रीवर, किंमत हजार डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर, चित्रकाराला ५ टक्के स्वामित्वधन मिळते. मृत्यूनंतर ७० वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे वारसांची नोंद चोख ठेवणे हेही हिशेबाचेच काम. पण मध्य ऑस्ट्रेलियातील कित्येक समाजांत मृताचे नाव शोककाळात उच्चारत नाहीत. जाणता हिशेबनीस यादी मोठ्याने वाचत नाही, कुटुंबाला विचारून पुढे जातो आणि सुतकात ठरलेली सभा विनातक्रार पुढे ढकलतो.

दुकानांपुढे उधारीचा प्रश्न असतो. ‘बुक अप’ पद्धतीत काही दुकानदार गिऱ्हाइकाचे बँक कार्ड आणि पिन स्वतःकडे ठेवत. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मिंटाबीच्या अशा दुकानावरील खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी दुकानदाराच्या बाजूने निकाल दिला. समाजाच्या मालकीच्या दुकानाने तरी पिन मागू नये, उधारीची मर्यादा आधी ठरवावी, एवढी अपेक्षा योग्यच म्हणावी लागेल.

भांडवलासाठी ‘इंडिजिनस बिझनेस ऑस्ट्रेलिया’ ही सरकारी संस्था कर्ज देते. २०१५ पासून केंद्र सरकार आपल्या खरेदीचा काही हिस्सा मूळ रहिवाशांच्या व्यवसायांसाठी राखते. त्यावेळी निम्मी मालकी पुरेशी होती. नाममात्र भागीदार पुढे करून कंत्राटे लाटण्याचे प्रकार पाहता ही अट १ जुलै २०२६ पासून ५१ टक्क्यांवर नेण्याचे ठरले. बँकेत सही कुणाची चालते आणि नफा कुणाच्या खात्यात जातो, हे कागदोपत्री दाखवून देण्याची जबाबदारी त्यामुळे हिशेबनिसावर येते.