एन्काउंटर (पोलिस चकमक)

पोलिसांच्या गोळीबारात संशयित मेला की बातमीत येतो तो शब्द. मराठी पेपर ‘चकमक’ लिहितात, बोलताना सगळे एन्काउंटरच म्हणतात. चकमक हा शब्द तुर्की वळणाचा, मूळ अर्थ ठिणगी पाडायची गारगोटी. म्हणजे दोन्हीकडून घासाघासी हवी, आणि वाद नेमका तिथेच असतो.

सुरुवात कधी झाली यावर एकमत नाही. मुंबईत बहुतेक लोक ११ जानेवारी १९८२ सांगतात, वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे मारला गेला तो दिवस. पण ‘पहिला’ हे फारतर मुंबईपुरतं धरावं, कारण केरळात १९७० साली नक्षलवादी वर्गीसला पकडून मारलं आणि चकमक दाखवली, ते १९९८ मध्ये गोळी झाडणाऱ्या कॉन्स्टेबलनेच कबूल केलं आणि २०१० मध्ये एका निवृत्त बड्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली.

कायद्यात एन्काउंटरची वेगळी सवलत नाही. पोलिसाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे तो तुमच्याआमच्यासारखाच, आणि अटक करताना बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घ्यायचा अधिकार त्यातून मिळत नाही (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४३).

खरी गोची एफआयआरची. बहुतेक वेळा तो मेलेल्याच्याच नावावर, खुनाच्या प्रयत्नाचा, आणि मजकूरही ठरलेला: शरण यायला सांगितलं, त्याने फायर केलं, आम्ही स्वसंरक्षणार्थ. २००९ मध्ये आंध्र हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी म्हटलं की गुन्हा पोलिसांवर नोंदवा, स्वसंरक्षण होतं की नाही ते खटल्यात बघू. त्याला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. मग १९९५ ते ९७ मधल्या मुंबईच्या ९९ चकमकी, सुमारे १३५ मृत्यू, यांवरच्या याचिकेत २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्याच १६ सूचना आल्या: एफआयआर हवाच, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडे, हत्यारं बॅलिस्टिक तपासणीला जमा, लगेच प्रमोशन किंवा शौर्यपदक नाही. एफआयआर नेमका कोणावर, हे मात्र तिथे सरळ लिहिलेलं नाही. आंध्रचा मार्गच जास्त सरळ वाटतो.

शिक्षा क्वचित होते. मुंबईत लखनभैया या गुंडाला बनावट चकमकीत मारल्याच्या प्रकरणात (२००६) ती झाली, २०१३ मध्ये १३ पोलिसांना जन्मठेप. गडचिरोलीच्या जंगलातल्या चकमकींना हेच नियम लागू आहेत, पण तिथे पंच म्हणून उभं राहायला आसपास माणूसच नसतो.