यकृताच्या ऑपरेशननंतर ताट कधी वाढायचं?

पोटाचं ऑपरेशन झालं की वारा सरेपर्यंत घोटभर पाणीही द्यायचं नाही, ही समजूत विदर्भातल्या खेड्यांत अजून घट्ट आहे. यकृताच्या कर्करोगात गाठीसोबत यकृताचाही भाग काढतात, तेव्हा हा उपास महागात पडतो. उरलेलं यकृत पहिल्या दिवसांपासूनच वाढू लागतं. आतड्यांतून निघालेलं रक्त थेट यकृतात जातं, आणि त्यातली पोषकद्रव्यं, इन्सुलिन, पित्ताम्लं या वाढीला चालना देतात. नुसत्या सलाईनवर हे भागत नाही.

म्हणून सर्जनची मनाई नसेल, तर नीट शुद्ध आल्यावर घोट घोट पाणी. दुसऱ्या दिवशी पेज, मुगाचं पातळ वरण, ताक. मग सोसेल तसा मऊ भात. दर दोन तासांनी अर्धी वाटी पुरे. उलटी झाली किंवा पोट फुगलं तर थांबा, नर्सला सांगा. यकृताचा डावा भाग काढला असेल तर जठर कापलेल्या जागेला चिकटू शकतं आणि अन्न पुढे सरकत नाही. अशा वेळी आग्रह नको.

खरा घोळ घरी आल्यावर होतो. काविळीचं पथ्य म्हणून डाळ, अंडी, तेल बंद आणि उसाचा रस सुरू! यात स्नायू झडतात. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. तीन ज्वारीच्या भाकरी, तीन वाट्या तुरीचं घट्ट वरण, दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध यात साधारण ६० ग्रॅम होतात. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या भिजवून घाला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांकडूनच घ्या.

बऱ्याच रुग्णांचं यकृत आधीच सिरोसिसने निबर झालेलं असतं. त्यात साखरेचा साठा कमी, म्हणून रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्नायू मोडून खातं. झोपताना दुधात कुस्करलेली भाकरी द्या. पोटात पाणी झालं असेल तर दिवसभराचं मीठ एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम. लोणचं-पापड त्यातच मोजायचं.

मोहाची असो वा दुकानातली, दारू बंद. काविळीचा झाडपाला आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही नकोत. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, जखमेतून हिरवट-पिवळं पाणी, काळी शौच, दिवसा गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळच्या एसटीची वाट न पाहता १०८ ला फोन करा.