‘खाली बसला’ आणि ‘झाडाखाली बसला’: इंग्रजीतल्या ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’ची दोन घरं

शाळेत अव्ययं शिकवताना फळ्यावर दोन वाक्यं हमखास यायची. ‘तो खाली बसला’ आणि ‘तो झाडाखाली बसला’. पहिल्यातलं ‘खाली’ एकटं उभं आहे, ते बसण्याविषयी सांगतं, म्हणून क्रियाविशेषण अव्यय. दुसऱ्यातलं ‘खाली’ झाडाला चिकटलंय, तेही झाडाचं ‘झाडा’ करून, म्हणून शब्दयोगी अव्यय. आपण ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला लागल्यावर मला कळलं की मराठी माणसाला इंग्रजीतली एक फार मोठी अडचण सोडवायला हीच दोन वाक्यं पुरतात.

इंग्रजीतही हीच दोन घरं आहेत. ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’, ‘डाउन’, ‘ओव्हर’ हे शब्द कधी पुढच्या नामाचे असतात, कधी मागच्या क्रियापदाचे. मराठीत आपण एक जोडून लिहितो आणि एक तोडून, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. इंग्रजीत दोन्ही सुटेच लिहितात. ‘ही टर्न्ड ऑफ द रोड’ आणि ‘ही टर्न्ड ऑफ द लाइट’ ही वाक्यं कागदावर जुळी वाटतात. पण पहिल्यात माणूस रस्ता सोडून वळला. इथे ‘ऑफ’ रस्त्याचा आहे, ‘रस्त्यावरून’ मधल्या ‘वरून’सारखा. दुसऱ्यात त्यानं दिवा बंद केला. इथे ‘ऑफ’ दिव्याचा नाही, ‘टर्न’चा आहे. दोघं मिळून एक क्रियापद झालंय. तसंच ‘रॅन अप अ हिल’ म्हणजे टेकडी चढत धावला आणि ‘रॅन अप अ बिल’ म्हणजे उधारी वाढवून ठेवली.

हा भेद नुसता व्याकरणाच्या पुस्तकातला नाही, हे मला एका परिचारिकेमुळे नीट उमगलं. ती परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करायला माझ्याकडे यायची. सरावासाठी प्रसंग साधाच घेतला होता: रुग्णाच्या हातात गाऊन द्यायचा आणि तो घालायला सांगायचं. ती नम्रपणे म्हणाली, ‘प्लीज पुट ऑन इट.’ शब्द तिन्ही बरोबर, फक्त क्रम चुकला. पण त्या क्रमात ‘ऑन इट’ ही जोडी ‘त्याच्यावर’ अशी ऐकू येते. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो रुग्ण गाऊनकडे बघत क्षणभर थांबेल: याच्यावर काय ठेवू? ‘पुट इट ऑन’ म्हटलं की ‘ऑन’ मोकळा होतो, क्रियापदाच्या ताब्यात जातो, आणि अर्थ सरळ लागतो: हे अंगात घाला. तिनं ते दहा वेळा मोठ्यानं म्हटलं. मग स्वतःच ‘टेक इट ऑफ’, ‘फिल इट इन’, ‘थ्रो इट अवे’ अशी रांग लावली.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची कसोटी हीच. नामाच्या जागी ‘इट’, ‘हिम’, ‘मी’ असं सर्वनाम घालून बघा. छोटा शब्द क्रियापदाचा असेल तर सर्वनाम मध्ये शिरतं, शिरावंच लागतं: ‘टर्न इट ऑफ’, ‘पिक मी अप’. फाटकावर उभं राहून ‘पिक अप मी’ म्हणणारे आपल्याकडे रोज भेटतात. त्यांना ही एवढी गोष्ट कोणी सांगितलेली नसते. शब्द नामाचा असेल तर मात्र त्याला नामापासून तोडता येत नाही: ‘लुक आफ्टर हर’, ‘वेट फॉर मी’, ‘लुक इनटू इट’. ‘लुक हर आफ्टर’ म्हणणं म्हणजे ‘झाडाखाली’ऐवजी ‘खाली झाडा’ म्हणणं. पूर्ण नाम असेल तर क्रियापदाच्या घरातल्या शब्दाला थोडी मोकळीक आहे. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं. नाम लांबलचक असेल तर मात्र छोटा शब्द क्रियापदाजवळच ठेवलेला बरा, नाहीतर ऐकणारा त्याची वाट बघत राहतो.

कानही मदत करतो. ‘द वर्ड आय लुक्ड अप’ म्हणताना जोर ‘अप’वर पडतो. ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट’मध्ये जोर ‘लुकिंग’वर, ‘ॲट’ नुसता मागून येतो.

आता ज्यात बहुतेक शिकवण्या गोंधळ घालतात त्या मुद्द्याकडे येतो. मुलांच्या हातात पाचशे फ्रेजल व्हर्ब्सची, म्हणजे क्रियापद आणि छोटा शब्द मिळून झालेल्या जोड्यांची, यादी देतात आणि ओळख सांगतात ती अशी: अर्थ शब्दशः लागत नसेल तर फ्रेजल व्हर्ब. ही ओळख अपुरी आहे. ‘गेट ओव्हर’ म्हणजे दुःखातून किंवा आजारातून सावरणं. अर्थ शब्दशः लागत नाही, तरी ‘गेट ओव्हर इट’च म्हणावं लागतं, ‘गेट इट ओव्हर’ म्हटलं तर त्या अर्थी चुकतं. ‘कम अक्रॉस’, ‘लुक आफ्टर’, ‘रन इनटू’ यांचंही तेच. अर्थ बदलणं वेगळं आणि छोटा शब्द कोणाचा हे वेगळं. मराठीतच बघा. ‘दुखणं अंगावर काढलं’ यात अर्थ पार बदललाय, पण ‘वर’ अंगालाच चिकटलेला आहे. ‘परीक्षा पुढे ढकलली’ यातही अर्थ बदललाय, कोणी काही हातानं ढकललेलं नाही, पण ‘पुढे’ मोकळं आहे, ते ढकलण्याचं. याच ‘पुढे ढकलण्या’ला इंग्रजीत ‘पुट ऑफ’ म्हणतात, आणि तिथेही ‘ऑफ’ मोकळाच: ‘पुट इट ऑफ’. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव तसं फार जुनं नाही. लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते 1925 मध्ये वापरलं आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं. लेबल काहीही लावा, बोलताना प्रश्न एकच पडतो: ‘इट’ कुठे ठेवू?

पाठांतर करायचंच असेल तर छोट्या शब्दांचं करा, ते हाताच्या बोटांवर मावतं. ‘ॲट’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘ऑफ द बुक’मधला ‘च्या’ अर्थाचा ‘ऑफ’, ‘इनटू’, ‘विथ’ हे कायम नामाचे. ‘अवे’, ‘बॅक’, ‘अपार्ट’ हे क्रियापदाचे. दोन्ही घरी राहणारे म्हणजे ‘अप’, ‘डाउन’, ‘इन’, ‘ऑन’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ आणि सुटण्या-बंद होण्याच्या अर्थाचा ‘ऑफ’. कसोटी लावायची ती यांनाच.

काही क्रियापदं दोन्ही घरांचे शब्द एकदम बाळगतात. ‘पुट अप विथ’मध्ये ‘अप’ क्रियापदाचा, ‘विथ’ पुढच्या नामाचा. ‘लुक फॉरवर्ड टू’ तसंच, आणि आपल्या ईमेलमधली सर्वांत नेहमीची चूक याच्याशी जोडलेली आहे. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असं लिहिणारे ‘टू’ला ‘मीट’चा भाग समजतात. पण तो ‘टू’ शब्दयोगी आहे, त्याला पुढे नाम हवं, म्हणून ‘टू मीटिंग यू’. मराठीत आपण हे न चुकता करतो. ‘भेटणेकडे डोळे लागलेत’ असं कोणी म्हणत नाही, ‘भेटण्याकडे’ म्हणतात. ‘णे’चं ‘ण्या’ व्हावं लागतं, तेव्हा कुठे ‘कडे’ चिकटतो. ते ‘ण्या’ म्हणजेच इथला ‘इंग’.

‘कोप अप विथ’ ही दुसरी नेहमीची चूक. भारतातल्या इंग्रजीत ती इतकी रुळलीय की चूक वाटत नाही. मूळ क्रियापद ‘कोप विथ’, म्हणजे निभावून नेणं, त्यात ‘अप’ नाहीच. ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘पुट अप विथ’ या मंडळींत उठबस झाल्यानं त्यालाही ‘अप’ लागला असावा. ‘डिस्कस अबाउट’चं कारण वेगळं: ते आपल्या ‘विषयी चर्चा करणे’तून येत असावं. मराठीत ‘चर्चा’ नाम आहे, त्याला ‘विषयी’ लागतो. इंग्रजीत ‘डिस्कस’ क्रियापद आहे आणि त्याला थेट कर्म लागतं: ‘वी डिस्कस्ड द पेशंट’. नाम वापरलंत तर मात्र ‘अ डिस्कशन अबाउट द पेशंट’ अगदी बरोबर.

ती परिचारिका शेवटच्या आठवड्यात वहीत उदाहरणं लिहायची तेव्हा एक युक्ती करायची. जो शब्द नामाचा, त्याच्या आणि नामाच्या खाली पेन्सिलीनं एक छोटी कमान काढायची, मराठीत जोडून लिहितो तशी. ‘आफ्टर हर’खाली कमान, ‘फॉर मी’खाली कमान. ‘पुट इट ऑन’मध्ये ‘ऑन’च्या उजवीकडे काहीच नसायचं, म्हणून तिथे कमान नाही. मी ती पद्धत तेव्हापासून सगळ्यांना फळ्यावर काढून दाखवतो.