ओढ आधी, नाव मागाहून

मिसरूड फुटलं, पाळी सुरू झाली, की मूल वयात आलं असं आपण धरतो. आकर्षण मात्र तोवर थांबत नाही. मार्था मॅक्लिंटॉक आणि गिल्बर्ट हर्ट या अमेरिकी संशोधकांनी १९९६ मध्ये एक निरीक्षण मांडलं: पहिल्यांदा कुणाविषयी ओढ कधी वाटली, याचं उत्तर सरासरी दहाव्या वर्षाच्या आसपास येतं. मुलगा असो वा मुलगी, ओढ समलिंगी असो वा भिन्नलिंगी, वयात फारसा फरक नाही. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी सहा ते आठ वर्षांच्या सुमारास संप्रेरकं सोडू लागतात, त्याच्याशी याचा संबंध असावा असा त्यांचा तर्क. अंडाशय आणि वृषणं कामाला लागतात ती बरीच नंतर. आता गंमत बघा, वर्गातली मुलगी आवडणाऱ्या मुलाला ‘हे कुणी शिकवलं?’ असं कुणी विचारत नाही. मुलाला मुलगा आवडला, की हाच प्रश्न पहिला येतो.

कोण आवडतं हे वेगळं आणि मी कोण हे वेगळं. आपण मुलगा की मुलगी, हे बहुतेक मुलं तिसऱ्या वर्षापर्यंत सांगू लागतात. जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि ही आतली जाणीव काहींच्या बाबतीत जुळत नाही. त्यांना आपण पारलिंगी म्हणतो. त्यांच्यातही कुणाला मुलगे आवडतात, कुणाला मुली, कुणाला दोन्ही, कुणाला कुणीच नाही.

कारण शोधायला जावं तर एक असं हाती लागत नाही. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांची जनुकं तपासली गेली. समलिंगी संबंधांमागे जनुकांचा थोडाफार वाटा दिसला, पण कुणाचा लैंगिक कल सांगेल असं एकही जनुक नव्हतं. पौगंडावस्थेत स्वतःच्या कलाला दिलेलं नावही (समलैंगिक, उभयलैंगिक असं) पुढे बदलू शकतं. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी भिन्नलिंगी नसलेल्या काही तरुणींचा दहा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा दोन तृतीयांश जणींनी निदान एकदा तरी ते बदललेलं आढळलं. याचा अर्थ ‘वळण लावता येतं’ असा कुणी काढू नये. उपचाराने कल बदलल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, अपाय झाल्याचे पुरावे मात्र आहेत.

आणि घरच्यांचं वागणं? अमेरिकेत २००९ च्या एका अभ्यासात कुटुंबाने तीव्रपणे झिडकारलेल्या समलैंगिक आणि उभयलैंगिक तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांची शक्यता, फारसं न झिडकारलेल्यांच्या आठपट आढळली. पारलिंगी तरुणांबाबत २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. घर, शाळा, काम, मित्रमंडळी यांपैकी जितक्या जास्त ठिकाणी त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारली जाते, तितकं नैराश्य कमी.