हरणांतील रक्तस्रावी साथी: पार्श्वभूमी

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात चांगली धष्टपुष्ट हरणे अचानक मरू लागतात आणि त्यांची कलेवरे बहुधा पाण्याच्या काठीच सापडतात, हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील शिकाऱ्यांना आणि पशुपालकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. आजारी हरणाची जीभ सुजून काळीनिळी पडते, म्हणून ते या आजाराला ‘काळी जीभ’ म्हणत. कारण मात्र कोणालाच उमगले नव्हते. १९५५ मध्ये न्यू जर्सी राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांत मोठी मरतूक झाली, तेव्हा विषाणुशास्त्रज्ञ रिचर्ड शोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. ‘एपिझूटिक हेमोरेजिक डिसीज’ अर्थात ईएचडी हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

हा विषाणू हरणांपर्यंत कसा पोहोचतो, याचा धागा मेंढ्यांच्या आजाराकडे जातो. नीलजिव्हा रोग हा ईएचडीचा जवळचा नातेवाईक, आणि तो क्युलिकॉइडस जातीची रक्तशोषक चिलटे पसरवतात, हे दक्षिण आफ्रिकेत १९४४ मध्ये सिद्ध झाले होते. उत्तर अमेरिकेत दोन्ही रोगांचा मुख्य वाहक याच कुळातील एक चिलट आहे. त्याच्या अळ्या पाणवठ्याच्या काठच्या सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या चिखलात वाढतात. म्हणूनच दुष्काळाच्या वर्षी साथ कमी होण्याऐवजी अनेकदा भडकते: पाणी आटते, चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि तहानलेली हरणे नेमकी तिथेच गोळा होतात.

विषाणू सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर घाला घालतो. त्यामुळे रक्त व द्रव ऊतींमध्ये झिरपतात, डोके आणि मान सुजते, तीव्र ताप चढतो आणि हरीण पाण्याचा आसरा शोधते. लक्षणे दिसू लागल्यापासून ८ ते ३६ तासांत मृत्यू येऊ शकतो. वाचलेल्या हरणांच्या खुरांची वाढ काही काळ थांबते. पुढे शरद ऋतूत त्यांवर आडव्या भेगा दिसतात, कधी खूर निखळूनही पडतो, आणि कळपातून साथ येऊन गेल्याची खूण त्यावरूनच पटते.

१९५७ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात आग्नेय राज्यांच्या सहकार्यातून वन्यजीव रोगांचे अभ्यासकेंद्र सुरू झाले, आणि १९८० पासून तिथे दरवर्षी निरनिराळ्या राज्यांतील नोंदी जमा होऊ लागल्या. माझ्या मते या रोगाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे, कारण एकेका साथीतून न दिसणारे चित्र त्यातून उलगडले. दक्षिणेत विषाणू जवळजवळ कायम वावरतो, तिथल्या हरणांत प्रतिकारशक्ती टिकून असते आणि आजार बहुधा सौम्य राहतो. उत्तरेत तो अधूनमधून शिरतो, पण हरणांना त्याची ओळखच नसल्याने मोठा संहार होतो. २०१२ च्या भीषण दुष्काळात मिशिगन, नेब्रास्का, मिसुरी यांसारख्या राज्यांना याचाच फटका बसला. त्याआधी २००६ मध्ये विषाणूचा सहावा प्रकार अमेरिकेत प्रथमच आढळला होता.

२०२२ मध्ये विषाणूचा आठवा प्रकार युरोपात सार्डिनिया, सिसिली आणि स्पेनमध्ये पोहोचला, तर पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये. तिथे मुख्य झळ गुरांना बसली, त्यामुळे त्यांच्यासाठी लस तयार झाली. रानातील हरणांना मात्र लस टोचत फिरणे शक्य नाही आणि अख्ख्या पाणथळ प्रदेशावर कीटकनाशक फवारणेही परवडणारे नाही. आजही हरणांतली साथ थांबते ती पहिल्या कडक हिमतुषाराने चिलटे मेल्यावरच.